टोपवाल्या अप्पांचं कुलूपबंद पत्र

डोक्यावरचे केस गेले की माणूस आधी आरशाला टाळतो, मग शेजाऱ्यांना, आणि शेवटी घराच्या उंबऱ्यालाच टाळायला लागतो. अशा माणसाला पुन्हा उंबऱ्याबाहेर काढायचं काम अप्पा करत. ते केसांचे टोप बनवत. नाटकातल्या राजाराण्यांचे नव्हेत, तर रोजच्या डोक्यावरचे. घालणाऱ्याने स्वतः सांगितलं नाही तर त्याच्या उशीलाही कळू नये, असे टोप.

त्यांचं कामाचं दालन घराच्या मागच्या अंगाला होतं. खिडकीजवळ लांब टेबल, टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट केलेली खिळ्यांची फणी, आणि भिंतीवरच्या फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली. गिऱ्हाइकाचं माप आलं की अप्पा त्याच्या जवळपासचं लाकडी डोकं उतरवत आणि कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ते बरोबर त्या मापाचं करत. त्यावर बारीक जाळी ताणत. मग आकडीच्या सुईने एकेक केस जाळीत ओवून गाठ मारत बसत. मूळ वर आणि टोक खाली, असा प्रत्येक केस लावून घ्यावा लागे. एक जरी उलटा बसला तरी शेजारच्यांशी भांडून गुंता करायचा. माणसांसारखंच, असं अप्पा म्हणत. त्यांची बायको म्हणे, "माणसांना निदान समजावता तरी येतं."

या धंद्यात हातापेक्षा जीभ जास्त सांभाळावी लागते. अप्पांच्या वडिलांनी त्यांना सुई देण्याच्या आधी एक नियम दिला होता: गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर ओळख द्यायची नाही. हसायचं नाही, मान हलवायची नाही, 'बरं आहे ना' एवढंसुद्धा विचारायचं नाही. अप्पांनी तो नियम इतका मुरवला होता की माहीत असलेली गोष्ट माहीत नसणं हीच त्यांची खरी कारागिरी होऊन बसली होती. दवाखान्यात एकाच बाकावर गिऱ्हाईक शेजारी बसलं तरी ते समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत बसत. गावाला वाटे, अप्पा जरा शिष्टच आहेत.

पूर्वी मापं आणि विनवण्या पाकिटातून येत. मग मोबाईल आले आणि सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसू लागलं. तेव्हा दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीने अप्पांना एक कुलपाचं ईमेल घेऊन दिलं. त्यात लिहिलेलं पत्र वाटेत निव्वळ अक्षरांची खिचडी होऊन जातं. पलीकडच्या माणसाकडे किल्ली असते, त्याच्याकडे पोचल्यावरच त्याचं पुन्हा पत्र होतं. ज्या कंपनीचं ते ईमेल, तिलाही मधे वाचता येत नाही. हे ऐकून अप्पांना त्या कंपनीबद्दल घरच्यासारखी माया वाटू लागली. आपल्यासारखंच कुणीतरी जगात आहे, वाहून नेतं पण बघत नाही.

एकच अडचण होती. दोन्हीकडे तेच ईमेल असलं तरच कुलूप लागे. साध्या ईमेलवाल्या गिऱ्हाइकाला अप्पा उघडं पत्र पाठवत, आणि उघडं पत्र म्हणजे दोन शब्द. 'माल पोचला.' 'काम चालू.' बस.

हे सगळं चालू असताना एके दिवशी पोस्टाने एक पुडकं आलं. आत एक वेणी होती. मनगटाएवढी जाड, काळीभोर, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधलेली. अप्पांनी ती नाकाशी नेली, कारण केस आले की आधी वास घ्यायचा, त्यावरून किती धुवायचे ते कळतं. वेणीला ताज्या भाजलेल्या पावाचा वास येत होता. दोऱ्याच्या गाठीत पीठ अडकलेलं होतं.

गल्लीच्या टोकाला पावाचं दुकान होतं. दोघं बहीणभाऊ ते चालवत. बहीण गल्ल्यावर बसे, भाऊ आत पीठ मळे. बहिणीला सारी गल्ली ताई म्हणे. तिचं हसू असं होतं की शिळा पाव घ्यायला आलेला माणूसही ताजा होऊन परत जाई. पण कित्येक महिने ती गल्ल्यावर दिसली नव्हती. आजारपण झालं म्हणत. ती आता पडद्याआड पीठ मळत होती, आणि गल्ल्यावर भाऊ आला होता. भाऊ मनाने सोनं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते ज्याच्या त्याच्या आधी त्याला कळे, आणि त्याच्याकडून सगळ्यांना.

वेणीबरोबर एक चिठ्ठी होती. डोक्याची मापं होती, आणि खाली लिहिलं होतं: 'माझेच केस आहेत. गळायला लागले तेव्हा कापून ठेवले. यांचाच टोप करा. आमच्याकडे नवी भट्टी लागली की गल्ल्यावर कायमची दुसरी बाई ठेवायचं चाललंय. एकदा ती बसली की मी जन्मभर पडद्यामागे. त्याआधी मला माझ्या जागी बसायचंय. खालच्या पत्त्यावर ईमेल करा, पण जपून. घरात आणखी एक जण ते उघडतो.'

खाली पत्ता होता. त्यात चक्क दुकानाचं नाव होतं.

अप्पांनी वेणी धुतली, मापं आणि पत्ता वहीत उतरवून चिठ्ठी जाळली आणि ठरवून टाकलं की हे केस कुणाचे ते आपल्याला माहीत नाही. बायकोलाही अवाक्षर सांगितलं नाही. रोज सकाळी ते दुकानात जात, भावाकडून पाव घेत, आणि पडद्याआडून येणारे पिठावरचे धपाधप हात ऐकत घरी येऊन त्याच बाईचे केस जाळीत ओवत बसत.

टोप पुरा होत आला त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला.

"अप्पा, तुमचं ईमेल सुधारलंय. कंप्युटर चालू करा, मी सांगते तसं दाबा."

"बिघडलं कधी होतं?"

"बिघडलं नव्हतं. आणखी चांगलं झालंय. आधी पत्राला कुलूप होतं पण वरची विषयाची ओळ उघडी दिसायची. आता तीही झाकली."

"हे बेस केलं. दार लावायचं आणि पाटी बाहेर टांगायची, हे मला कधी पटलंच नव्हतं."

"आता ऐका. पाठवलेलं पत्र चुकलं वाटलं तर थोड्या वेळात परत ओढता येतं."

अप्पांनी ताबडतोब लेकीला एक पत्र पाठवलं आणि परत ओढलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा ओढलं. मागून बायको म्हणाली, "पतंग मिळाला वाटतं पोराला."

लेकीने एकेक उघडून दाखवलं. पत्र ठरलेल्या वेळी जाईल असं आधीच लिहून ठेवता येत होतं. पत्राला मुदत घालता येत होती, ती संपली की पत्र पलीकडूनही आपोआप नाहीसं होई. आपला खरा पत्ता झाकून टोपणपत्ता घेता येत होता.

"टोपवाल्याला टोपणपत्ता," बायको म्हणाली. "आता काय, घरातसुद्धा ओळख देणार नाहीत."

"आणि सगळ्यात मोठं," लेक म्हणाली, "आता साध्या ईमेलवाल्यालाही कुलपाचं पत्र जातं. तुम्ही एक पासवर्ड ठरवायचा, दोघांनाच ठाऊक असेल असा. आणि त्याला आठवावा म्हणून वर एक सूचना लिहायची. सूचना मात्र उघडी दिसते, बरं का."

फोन ठेवल्यावर अप्पा कंप्युटरच्या पडद्याकडे बघत बसले. देवाने हे ईमेल आपल्या धंद्यासाठीच सुधारलं असावं, अशी त्यांची खात्री झाली होती. टोप तयार होता, फक्त एकदा डोक्यावर बसवून बघायचा होता. त्यांनी पत्र लिहिलं. 'माल तयार. गुरुवारी संध्याकाळी मागच्या दाराने या.' आणि लहान मुलाने सगळे नवे कपडे एकावर एक घालावेत तशा सगळ्या सोयी त्या एकाच पत्राला घातल्या.

पत्ता घेतला टोपणपत्ता, त्यात नाव ना गाव. पासवर्ड ठेवला एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंतचं माप. ते चिठ्ठीत आलेलं, म्हणजे जगात दोघांनाच ठाऊक. इथवर उत्तम. मग सूचना लिहायची वेळ आली. 'कानापासून कानापर्यंत' असं लिहावं तर घरातला तो आणखी एक जण वाचणार, आणि टोपाचं गुपित संध्याकाळपर्यंत नदीपार. अप्पांनी खूप विचार केला आणि सूचनेच्या जागी लिहिलं: 'तुम्हाला माहीतच आहे.' मुदत घातली एक दिवसाची, आणि पाठवून दिलं.

गुरुवारी त्यांनी आरसा पुसला, खुर्चीवर धुतलेलं कापड टाकलं. संध्याकाळ झाली, दिवे लागले. मागच्या दाराशी एक मांजर येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या नेहमीच्या पत्त्यावर त्या गिऱ्हाइकाचं एक उघडं पत्र आलं. त्यात तीनच शब्द होते. 'नको. परत पाठवा.'

अप्पांनी ते वाचलं आणि फळीवरच्या टोपाकडे पाहिलं. इतके दिवस त्या केसांनी त्यांच्या बोटांशी ओळख केली होती. कपाळावरची रेघ त्यांनी बारीक केसांनी अशी उतरवली होती की तिथे घाम आला असता तरी शोभला असता. तो टोप उकलून वेणी परत पाठवायची ही कल्पनाच त्यांना सोसेना. त्यांनी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

लेक इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. "अप्पा, अनोळखी पत्ता, न कळणारी सूचना, आणि एका दिवसात पत्र गायब. कोण उघडेल? अहो, इतकं सुरक्षित पत्र की ज्याचं आहे त्यालाच कळेना. अति तिथे माती."

"मग आता?"

"आता काय, जाऊन सांगा तिला."

"कुणाला?"

"पाववाल्या ताईला. पत्त्यातच लिहिलंय की दुकानाचं नाव."

"मी पत्ता वाचत नाही," अप्पा म्हणाले. "मी पत्ता नुसता टाकतो."

फोन ठेवून ते वळले तर दारात बायको उभी. ती हातातलं फडकं झटकून आत गेली, आणि आतून म्हणाली, "उद्या पाव आणायला मीही येते. भावाने आज दिलेला पाव दगड होता. मला भांडायचंय."

शनिवारी सकाळी दुकानात रांग होती. भाऊ गल्ल्यावर होता आणि रंगात आला होता. "सोमवारी नवी भट्टी पेटवतोय. आणि गल्ल्यावर बाई येतेय, फार हुशार. मी आपला आत जाणार." मग पाव बांधता बांधता म्हणाला, "बुधवारी काय झालं ऐका. आमच्या ईमेलवर एक कुलपाचं पत्र आलं. पाठवणारा कोण, पत्ता नाही. सूचना काय, तर म्हणे तुम्हाला माहीतच आहे. मी आजीच्या वाढदिवसापासून कुत्र्याच्या नावापर्यंत सगळं टाकून बघितलं. उघडलं तर शपथ. ताईला विचारलं, ती म्हणाली, असली पत्रं फसवणाऱ्यांची असतात. दुसऱ्या दिवशी बघतो तर पत्रच नाही."

रांग हसली. अप्पांना दोन गोष्टी एकदम कळल्या. कुलूप भक्कम होतं, भावासारख्या माणसालाही फुटलं नव्हतं. आणि पडद्याच्या आत जी बसली होती तिला ते पत्र आपलं आहे हे कळलंच नव्हतं; टोप वेळेत होत नाही असं समजून तिने केस परत मागितले होते.

आता नियम एका बाजूला आणि सोमवार एका बाजूला. आत जाऊन 'ताई, तुमचा टोप तयार आहे' एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण मग वडिलांचा नियम, तिची चिठ्ठी आणि रांगेतले सगळे कान. 

त्यांच्या पुढे घड्याळवाले आजोबा उभे होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून त्यांच्या कानांत आता फक्त टिकटिकच उरली होती, बाकी काही शिरत नसे. त्यांनी मागे वळून विचारलं, "काय म्हणतो हा? कसलं पत्र?"

अप्पांना वाट दिसली.

"कुलपाचं, आजोबा," ते म्हणाले.

"हळू काय बोलतोस? बायकोशी बोलतोयस का?"

"कुलपाचं पत्र," अप्पांनी आवाज चढवला. "माझ्याकडेही तेच ईमेल आहे. नवीन सुधारलंय."

त्याच वेळी त्यांची बायको रांग मोडून गल्ल्याशी गेली आणि कालचा पाव भावासमोर आपटला. "हा पाव आहे की पाटा? ह्यांची दाढ हलली. दाढ बसवून देणार आहेस का?" भाऊ पावाची बाजू मांडायला लागला. अप्पांच्या बायकोला, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकूंना, ते पटेना. भाऊ भट्टीवर घसरला, मग पिठावर, मग हवेवर. बोलणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती.

इकडे अप्पा रांगेतून सरकत पडद्याजवळ गेले आणि आजोबांना ओढून घेतलं.

"ऐका आजोबा. पत्र कुठल्याही नावाने येतं. पाठवणारा ओळखीचा वाटला नाही तरी ओळखीचाच असतो."

"कोण असतो?"

"ओळखीचा. आणि सूचना मूर्खासारखी असली तर समजावं, लिहिणारा मूर्ख होता पण मनाचा चांगला होता."

"हे पटलं," आजोबा म्हणाले. "आणि किल्ली?"

अप्पांनी तोंड पडद्याकडे केलं. "माझ्या गिऱ्हाइकांना किल्ली वेगळी द्यावी लागत नाही. जे माप माझ्याकडे लिहून पाठवलं, तेच. एका कानापासून, डोक्यावरून, दुसऱ्या कानापर्यंत."

"माझ्या कानाला काय झालंय?"

"तुमच्या नाही. गिऱ्हाइकाच्या कानापासून कानापर्यंत. आज दुपारी जाणार आहे एक पत्र, पुन्हा."

पडद्याआड पीठ मळणारे हात थांबले. एवढ्या गलक्यातही ती शांतता अप्पांना ऐकू आली. मग हात पुन्हा सुरू झाले, आधी हळू, आणि मग असे भरभर की फळीवरचे डबे खुळखुळले.

बाहेर आल्यावर बायकोने पिशवी त्यांच्या हातात दिली. भांडून तिचा चेहरा खुलला होता.

"तुला माहीत होतं?" अप्पांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

"वेणी आली त्या दिवशी मागच्या खोलीत पावाचा वास सुटला होता," ती म्हणाली. "आपल्याकडे तेव्हा घरात पाव नव्हता. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही तर मलाही माहीत नाही."

भाऊ दुपारी सायकलवर पाव पोचवायला जाई. ती वेळ अप्पांनी धरली, आणि लेकीने दाखवल्याप्रमाणे पत्र त्याच वेळी आपोआप जावं असं लावून ठेवलं. मुदत संध्याकाळपर्यंतची घातली, म्हणजे भाऊ परतून ईमेल उघडेतो तिथे काही उरणार नाही. सूचनेच्या जागी पुन्हा तेच लिहिलं, 'तुम्हाला माहीतच आहे', पण आता ते खरं होतं. मग ते जेवले नाहीत. बायको म्हणाली, "पत्र आपोआप जाणार आहे, तुम्ही ढकलायला बसलाय का?"

भाऊ निघाल्याची घंटी गल्लीत वाजून गेली. थोड्या वेळाने उत्तर आलं, कुलूप लागूनच आलं. अप्पांनी ते चष्मा न लावताच वाचलं. 'येते.'

ती आली ती मागच्या दाराने, डोक्याला रुमाल, हाताला कोपरापर्यंत पीठ. अप्पा तिला बसवायला खुर्ची पुढे करू लागले तर ती उभ्यानेच म्हणाली, "अप्पा, माप मी सव्वा बारा असं अक्षरात लिहिलं. नाही उघडलं. मग आकड्यात लिहिलं. नाही उघडलं. तिसऱ्यांदा आठवलं की चिठ्ठीत मी रेघ मारून अपूर्णांक लिहिला होता. कंप्युटरच्या कळांना सगळं पीठ लागलं. भाऊ बघेल तर म्हणेल उंदीर आला होता."

"सूचना जरा चुकली," अप्पा म्हणाले.

"जरा? पहिलं पत्र आलं तेव्हा मीही गुपचूप देवाची सगळी नावं टाकून बघितली, मग माझ्या शाळेचं. म्हटलं, मला इतकं काय काय माहीत आहे, त्यातलं नेमकं काय?"

तिने रुमाल सोडला. अप्पांनी टोप दोन्ही हातांनी उचलला, तिच्या कपाळावर टेकवला, मागे ओढून बसवला आणि कानांपाशी बोट फिरवून पाहिलं. कुठेच ओढ नव्हती की ढील नव्हती. केसांना आपलं डोकं सापडलं होतं. अप्पा बाजूला झाले आणि आरसा मोकळा केला.

ती आरशाजवळ सरकली. मग तिने मान एका बाजूला टाकली, दुसऱ्या बाजूला टाकली. जोरात झटकली. केस तिच्या खांद्यावर येऊन पडले, जसे पूर्वी पडायचे. आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग सगळ्या खोलीभर. लाकडी डोकी फळीवर बसून ऐकत राहिली. स्वयंपाकघरातून काकू आल्या, आणि कशाला हसायचं हे न विचारता त्याही हसू लागल्या.

"सोमवारी बसेल ना छान?" अप्पांनी विचारलं.

"सोमवारी कशाला?" ती म्हणाली. "भाऊ पाव पोचवून यायचाय. गल्ला आत्ता रिकामाच आहे."

आणि पीठ लागलेल्या हातांनी पुढचं दार उघडून ती भर गल्लीतून चालत गेली.

संध्याकाळी काकूंनी अप्पांच्या हातात पिशवी दिली. अप्पा म्हणाले, "घरात पाव आहे." त्या म्हणाल्या, "असू दे. जा."

दुकानापुढे रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. गल्ल्यावर ताई बसली होती. आत भाऊ पीठ मळत होता आणि मोठ्याने कुणाला तरी सांगत होता की त्या हुशार बाईला आता काय निरोप द्यायचा. ताई घड्याळवाल्या आजोबांना पावाचा भाव तिसऱ्यांदा सांगत होती, आणि ते तिसऱ्यांदा भलतंच ऐकत होते, आणि ती हसत होती, आणि तिच्या हसण्याने मागचेही हसत होते. रांग काही पुढे सरकत नव्हती. अप्पा शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांना मुळीच घाई नव्हती.